फॅनीकडे जाऊन येतो

१२ मे

आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे. पुढं वकिलासमोर बसायची वेळ आली आणि त्यानं 'मादाम, नेमकं कधी?' असं विचारलं, तर तोंड बघत बसायला नको.

ओनोरेनं, माझ्या नवऱ्यानं, गाडी विकली. मला एका शब्दानं न विचारता. ज्यानं जन्मभर आर्लच्या रस्त्यांवर बस हाकली, जो पाव आणायलाही गाडी काढायचा आणि परत आल्यावर जागा मिळेना म्हणून आमच्या रोकेत वस्तीच्या गल्ल्यांत घिरट्या घालायचा, त्या माणसानं गाडी विकली. आणि सांगितलं कधी, तर जेवताना, चीज कापता कापता.

"आता पायी फिरणार," म्हणाला. "इतकी वर्षं या गावातून बस नेली, गाव कधी बघितलंच नाही. थांबे तेवढे बघितले."

"सत्तराव्या वर्षी गाव बघायचं सुचलं?"

"एकाहत्तर," तो म्हणाला, आणि कोपरानं माझा वाइनचा पेला उडवला. पेला त्याच्या डाव्या हाताशीच होता. हल्ली त्याचं लक्ष टेबलावर नसतं. कुठं असतं, ते मला शोधायचं आहे.

गुंड्या आणि लेसच्या दुकानात मी उगाच उमेदीची वर्षं काढली नाहीत. गिऱ्हाइकाकडं पाठ असली तरी कोणाचा हात खिशात गेला ते मला कळायचं. आज गाडी विकल्याचं ऐकलं आणि मनात तीच जुनी पाल चुकचुकली.

२२ मे

तो रोज दुपारी बाहेर पडतो. जेवण उरकलं, मी खिडक्यांची लाकडी दारं ओढून घेतली, गल्ली चिडीचूप झाली, की हा टोपी घालतो, काळा चष्मा लावतो आणि निघतो. या वेळी रोकेतमध्ये मांजरंसुद्धा सावली सोडत नाहीत. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना कोण फिरतं? ज्याला कोणी बघायला नको असतं तो. हे लिहिलं आणि वाटलं, की यात माझी चूक होणं शक्य नाही.

समोरची रोलांद आज माझ्याकडे कॉफीला आली होती. ओनोरे घरात होता. तिनं नेहमीसारखा गाल पुढं केला. आमच्याकडे तीन मुके, डावा गाल आधी, हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. यानं भलत्याच बाजूनं सुरुवात केली आणि तिच्या नाकावर नाक आपटलं. रोलांद हसली, पण तो आत गेल्यावर खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "अगं, परवा नदीच्या धक्क्यावर माझ्या अगदी शेजारून गेला हा. बोंजूर नाही की काही नाही. मी हाक मारली तर दचकला, चोरी करताना सापडल्यासारखा."

"विचारात असेल."

"कुणाच्या, ते तू बघ. माझा पहिला नवरा असाच विचारात असायचा."

तिला तीन नवरे झाले. अनुभव आहे तिला.

१४ जून, शनिवार

लीस बुलेवारवर बाजाराला गेले होते. ऑलिव्हवाल्याच्या गाड्याशी ओनोरेचा दोस्त लुलू भेटला. दोघांनी एकाच डेपोतून बस चालवली आणि त्याच हातांनी मैदानावर पेताँकचे लोखंडी गोळे फेकले. लुलूला काही पोटात ठेवता येत नाही, फक्त पास्तिसची दारू.

"एलिएत, बातमी कळली का? तुझ्या नवऱ्यानं काल फॅनीचा मुका घेतला."

मी पिशवी खाली ठेवून हसले. पेताँकमध्ये तेरा-शून्यानं हरलेल्याला ही शिक्षा! मैदानाच्या टपरीत टांगलेल्या त्या पाटीवरच्या फॅनीचं उघडं ढुंगण सगळ्या गावानं चुंबलं असेल, पण ओनोरेनं कधी नाही. तेराला एकसुद्धा गुण न मिळता हरणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो नेमबाज. समोरच्याचा गोळा टिपायचा तर ओनोरेनंच.

"गुडघे टेकून घेतला," लुलू म्हणाला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगू? वाईट वाटलं मला. गोळा असा टाकत होता, की जणू मन भलतीकडेच आहे."

म्हणजे लुलूलाही तेच वाटतं. घरी येऊन मी ओनोरेला चिडवलं, तर तो हसला नाही. म्हणाला, "फॅनीचा मुका कधीतरी घ्यावाच लागतो, पोरी."

१९ जून

आज टोपी घालताना म्हणाला, "फॅनीकडे जाऊन येतो."

मला बरं वाटलं. म्हटलं, अपमान लागला, आता सराव करणार. गोळ्यांची पिशवी दाराशीच राहिली. लुलूचे वापरत असेल.

२६ जून

"फॅनीकडे जाऊन येतो." गुरुवार आला की हेच. आता घरातला विनोदच झाला आहे तो. मीही म्हणते, माझा नमस्कार सांग तिला.

२ जुलै

लिहायला लाज वाटते, पण ज्यासाठी ही वही केली तेच टाळायचं तर ती कशाला?

ओनोरेच्या पापण्या वाढल्या आहेत. आज तो खिडकीपाशी बसला होता, उजेड बाजूनं येत होता, तेव्हा मला दिसलं. दाट, काळ्याभोर, वर वळलेल्या, चित्रपटातल्या नटीसारख्या. डोक्यावर केस नाहीत, भुवया पांढऱ्या, आणि पापण्या अशा. एकाहत्तराव्या वर्षी कोणाच्या पापण्या वाढतात?

मग फ्रिज आवरताना मोहरीच्या बाटलीमागं एक इवलीशी बाटली सापडली. थेंबांची. खोकं नाही, चिठ्ठी नाही, नाव असं की वाचताना जीभ अडखळावी. रोलांदला खिडकीतून दाखवली. ती म्हणाली, हल्ली नट्या पापण्या वाढवायला असलं काहीतरी डोळ्यांत घालतात, तिनं मासिकात वाचलं आहे.

म्हाताऱ्याला पालवी फुटली आहे. कुणासाठी, तेवढंच आता बघायचं राहिलं.

९ जुलै

आज मी त्याच्या मागे गेले.

पायांत रबरी तळाचे जोडे घातले, डोक्याला रुमाल बांधला. मला वाटलं, मैदानावर जाईल. नाही गेला. आमच्या गल्लीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वर, आणि मग आत, गावात. अंतर ठेवून मी. ऊन असं, की दगड भाजत होते. खिडक्या सगळ्या बंद. जिकडं तिकडं फक्त झाडांवरच्या किड्यांचा किर्रर आवाज.

तो फार हळू चालतो. उजवा हात भिंतीला लावून चालतो, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. कोपरा आला की थांबतो आणि मान कलती करून ऐकतो. कोणी मागे येतंय का ते बघत असणार, असं मला वाटलं आणि मी दोनदा दारात दडले. त्यानं मागे वळून मात्र एकदाही बघितलं नाही. मुरलेला आहे.

नगरपालिकेच्या इमारतीखालून जो दगडी कमानींचा बोळ आहे, तिथं त्यानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. एकच. थांबला. परत वाजवली. खूण. दुसरं काय? पण कुणी आलं नाही. मग हसला, एकटाच, आणि चौकात जाऊन कारंज्याच्या काठावर बसला. पाण्याकडं पाठ आणि डोळे मिटलेले.

तिथून तो जुन्या रोमन रंगमंदिराच्या मोडक्या खांबांवरून वर रोमन आखाड्याकडे निघाला. मी शेवटची तिथं कधी गेले होते ते आठवेना. चौकातल्या सें त्रोफिम चर्चच्या दारावरच्या दगडी संतांना किती सुंदर धुऊन काढलंय हे मला आज, नवऱ्यावर पाळत ठेवताना कळलं. एका संताच्या पायाखाली सिंह आहे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. थोडा वेळ मी त्या सिंहाकडेच बघत राहिले आणि ओनोरे हातचा निसटला.

घरी आले तेव्हा तो आधीच आला होता, पाय पाण्यात सोडून बसला होता. "कुठं होतीस?" मला विचारतो. मला!

१५ जुलै

काल राष्ट्रीय दिन, रात्री चौकात नाच झाला म्हणे. आम्ही गेलो नाही. अंधारात बाहेर पडायचं नाही असं त्यानं ठरवलंय. दिवसा तिच्याकडे, रात्री थकवा.

आज लुलू फार्मसीच्या दारात भेटला. मी सहज म्हणाले, "सराव कसा चाललाय?"

"कुणाचा?"

"ओनोरेचा. दर गुरुवारी येतो ना."

लुलूनं टोपी मागे सारली. "एलिएत, तो तेरा-शून्याच्या दिवसापासून मैदानावर फिरकलेला नाही. आम्हाला वाटलं, तू अडवलंस."

मी तशीच घरी आले. औषधं घ्यायची राहिली. म्हणजे फॅनी पाटीवर नाही. फॅनी खरी आहे, तिला नाव आहे, घर आहे, आणि तो माझ्या तोंडावर, दर गुरुवारी, टोपी घालता घालता सांगून जातो. आणि मी म्हणते, माझा नमस्कार सांग तिला.

एवढी निर्लज्ज चोरी माझ्या दुकानात कधी कुणी केली नव्हती.

२४ जुलै, गुरुवार

बघितली.

आलिस्कांच्या रस्त्यावर, त्या जुन्या दगडी शवपेट्यांच्या रांगांमधून दोघं चालत होते. झाडांची सावली, माणूस नाही. प्रेमाला जागा शोधली ती अशी, मेलेल्यांच्या आळीत. ती चाळिशीची असेल. केस आखूड, पायांत खेळाडूंचे जोडे, पाठीवर पिशवी. सुंदर नाही. हे मी रागानं लिहीत नाही, खरंच नाही.

ती अर्धं पाऊल पुढं होती. त्यानं तिचा दंड कोपराच्या वर धरला होता. आणि डोळे मिटलेले. तिला धरून, डोळे मिटून, माझा नवरा चालत होता, आणि चेहरा असा की कित्येक वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर इतकी निवांत भाबडी खुशी मी पाहिली नाही. ती हळू काहीतरी बोलायची, तो मान हलवायचा. एका ठिकाणी दगड वर आलेला होता. ती थांबली, तो थांबला, तिनं सांगितलं, त्यानं पाऊल उचललं. एकमेकांत इतके मुरलेले.

चव्वेचाळीस वर्षांत ओनोरेनं रस्त्यात माझा हात धरला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. म्हणायचा, 'ड्रायव्हरचे हात मोकळे हवेत.'

मी एका शवपेटीच्या कडेवर बसले आणि रडले. मग उठले, कारण दगड गरम होता.

९ ऑगस्ट

त्याला विचारलं नाही. का नाही विचारलं ते मलाच कळत नाही. विचारलं तर तो 'हो' म्हणेल. मग घरात दोन ताटं मांडायची की एक, हा प्रश्न उभा राहील. न विचारता निदान दोन मांडता येतात.

काल बैलाच्या मांसाचा रस्सा आणि भात केला होता. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "इथं बस, खिडकीत. उजेड आहे." मी बसले. तो समोर खुर्ची ओढून माझ्याकडं बघत राहिला. खूप वेळ. कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करून, जणू घर सोडून जाणारा माणूस भिंती बघतो तसा.

"काय बघतोस?"

"तुला."

"नवीन काय आहे त्यात?"

"काही नाही," म्हणाला. "तेच तर बघतोय."

अपराधी माणूस असाच बघतो. मला उठून त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिथून उठूच नये असंही वाटलं.

१८ ऑगस्ट

रोलांदला सांगितलं होतं की कुणाला बोलू नकोस. बेकरीतली बाई मला आज एक फुगास पाव फुकट देत होती. म्हणजे सगळ्या रोकेतला कळलं. ओनोरेला मात्र कशाचं काही नाही. उलट ताठ मानेनं चालतो. काल धक्क्यावर दोन जण त्याच्याकडं बघून हसले, तर यानं टोपीला हात लावला, आमदारासारखा.

२९ ऑगस्ट

ठरलं. सेतला राहणाऱ्या बहिणीशी फोनवर बोलले. तिची मागची खोली रिकामी आहे, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. गेले की परत यायचं नाही. गुरुवारी तो फॅनीकडून येईल तेव्हा मी बॅग घेऊन तयार असेन. मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे, आणि ते ऐकताना हातात बॅगेची मूठ हवी आहे.

बॅग लाल आहे. आमच्या एकमेव परदेश प्रवासाची, बार्सेलोनाची. तोच म्हणाला होता, लाल घे, स्टेशनवर लांबून दिसते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहायलाच हवं.

तीन वाजता बॅग दाराच्या आत, वाटेच्या मधोमध उभी केली. मुद्दाम. दार उघडताच त्याला पहिली तीच दिसावी म्हणून. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, भरपूर उजेड केला, आणि स्वयंपाकघराच्या दारात हातांची घडी घालून उभी राहिले.

किल्ली वाजली. तो आत आला. टोपी काढली. माझ्याकडं बघून हसला. सरळ माझ्याकडं, आणि म्हणाला, "फॅनीनं नमस्कार सांगितलाय."

आणि चालत येऊन सरळ बॅगेवर आदळला. अंग सावरायलाही वेळ मिळाला नाही, कारण तिथं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. गुडघा आधी, मग हात, मग चष्मा लांब उडाला.

"कुणी ठेवलं हे?" फरशीवरून तो म्हणाला. "काय आहे?"

"बॅग," मी म्हणाले. "लाल बॅग आहे, ओनोरे. लाल."

तो फरशीवर हात फिरवत चष्मा शोधत होता, आणि चष्मा त्याच्या मनगटाच्या शेजारी होता. तेवढ्यात त्याच्या कोटाच्या खिशातून एक जुडी घरंगळली. पांढऱ्या नळ्यांची, रबरात अडकवलेली. रबर निसटलं. आणि ती जुडी आपली आपण उघडली. खट्, एक नळी दुसरीत बसली, खट्, तिसरी, खट्, चौथी. आमच्या फरशीवर एक लांब पांढरी काठी तयार झाली.

कुणीही ओळखेल अशी काठी. मीसुद्धा.

मी खाली बसले. आम्ही दोघं फरशीवरच बसलो. मग त्यानं सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. कडा सगळ्या गेल्या आहेत, मधे किल्लीच्या भोकाएवढं उरलंय, आणि डॉक्टर म्हणतात तेही मिटत जाणार. म्हणून गाडी विकली. थेंब त्या आजाराचेच, आणि त्या थेंबांनी पापण्या वाढतात हे त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यानं हात लावून बघितल्या. फॅनी, हे तिचं खरंच नाव, दर गुरुवारी नीम शहरातून येते. न दिसणाऱ्यांना चालायला शिकवते. भिंत, वारा, कारंज्याचा आवाज, कमानीखाली टाळी कशी घुमते, यांवरून गाव ओळखायला. दुपारची वेळ त्यानंच मागून घेतली, कारण गावात प्रत्येक जण त्याला ओळखतो आणि काठी खिशातून काढायचा धीर त्याला झालेला नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवसापासून तू माझं मांस कापून ताटात वाढलं असतंस."

"अर्थात कापलं असतं."

"तेच," तो म्हणाला. "मला आणखी थोडे दिवस तुझा नवरा राहायचं होतं."

मी म्हणाले, की मी काय समजत होते ते तुला ठाऊक तरी आहे का? गाव काय समजतंय?

आणि तो हसायला लागला. गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बेकरीवालीनं मला डोळा मारला, एलिएत. तेवढा मला दिसला. एकाहत्तर वर्षांच्या रिटायर ड्रायव्हरवर बायको संशय घेते, सगळी रोकेत जळते. आंधळा म्हणून कीव करून घेण्यापेक्षा मी शंभर बायका ठेवल्या असत्या. आणि मी खोटं बोललो कुठं? दर वेळी सांगून गेलो."

मला हसू आलं नाही. मला फार राग आला, आणि त्या रागाला आता बसायला कुठं जागाच नव्हती.

"आणि तू माझ्या मागं यायचीस," तो म्हणाला. "तुझा उजवा पाय घासतो. रबरी जोड्यांत तर जास्तच. पहिल्या दिवशी बोळात टाळी वाजवली तेव्हा भिंतींचा आवाज आला आणि तुझाही आला. एकटा असतो तर मी धक्क्याच्या पुढं गेलो नसतो. म्हटलं, पडलो तर ही आहे."

संध्याकाळी मी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. त्याचा गुडघा बर्फानं शेकला. रात्री मांस मी कापून दिलं नाही. त्याला बराच वेळ लागला. मी बघत बसले.

६ सप्टेंबर, शनिवार

फॅनी खास आली. तीन मुके झाले. डावा गाल आधी. मी तिला म्हणाले, "तुमच्यामुळं मी सेतला निघाले होते." ती गोंधळली. ओनोरे म्हणाला, नंतर सांगतो.

तिनं मला शिकवलं. धरायचं त्यानं, आपण धरायचं नाही. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. अर्धं पाऊल पुढं. पायरी असेल तर सांगायचं, वर की खाली. "अवघड नाही, मादाम," ती म्हणाली. "फक्त घाई करू नका." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं मी उन्हाळाभर याच्या मागं गाव पालथं घातलं, आणि शिकायचं होतं ते एवढंच.

मग आम्ही बाजाराला निघालो. लीसवर, शनिवारच्या गर्दीत, सगळं आर्ल जिथं असतं तिथं. ऑलिव्हच्या गाड्याआधी तो थांबला. खिशातून जुडी काढली. दुसऱ्या हातानं माझा दंड आणखी घट्ट धरला. खट्, खट्, खट्, खट्.

कोंबड्यांच्या पिंजऱ्यापासून चीजपर्यंत माणसांच्या माना वळत गेल्या. लुलूच्या हातात खरबूज होतं, ते तसंच राहिलं. तो आला, ओनोरेचे तीन मुके घेतले, आणि म्हणाला, "म्हणजे बाई नव्हतीच?"

"होती ना," ओनोरे म्हणाला. "फॅनी. नीमला राहते."

रोलांद दोन गाड्यांपलीकडं उभी होती. मी मोठ्यानं म्हणाले, "आणि मी नमस्कार पाठवायचे तिला."

लुलू आधी हसला. मग बाकीचे.

परत येताना आम्ही लांबचा रस्ता धरला. मी सांगत गेले, डावीकडं हे, उजवीकडं ते, सें त्रोफिमच्या दारावर एका संताच्या पायाखाली सिंह आहे. "तो मला माहीत नव्हता," ओनोरे म्हणाला. "तिथं थांबा नव्हता." मी त्याचा हात धरून सिंहापर्यंत नेणार होते, मग आठवलं आणि कोपर पुढं केलं.

आता तो समोर बसून विचारतोय, उन्हाळाभर काय लिहीत होतीस? मी म्हटलं, पाककृती. तो म्हणतो, खोटं. पाककृती लिहिताना पेन कागदावर असं ओरखडत नाही. वाचून दाखव म्हणतोय, पहिल्या पानापासून.

वाचते.